मचाणावरचं नेट

आमच्या गावात इंटरनेट सगळ्यात आधी मचाणावर आलं. ग्रामपंचायतीत नाही, शाळेत नाही, सरपंचांच्या स्लॅबवरही नाही. संग्रामपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं एक शेत आहे. त्या शेतात तुरीच्या मधोमध चार बल्ल्या रोवून बाबांनी रानडुकरं हाकायला मचाण बांधलं होतं. तिथं. आणि ते तिथं आहे हे शोधून काढलं मी. हे मी अजूनही लग्नकार्यात सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स घेऊन, खामगावच्या कॉलेजातून. पहाटेची एसटी आणि संध्याकाळची एसटी, मधे कॉलेज, असं करत घेतलेली डिग्री आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मी लाजत-बिजत नाही. डिग्रीनंतर खामगावातच एका क्लासमध्ये शिकवायला लागले आणि साठवलेल्या पगारातून मोबाईल घेतला. बटणांचा फोन, पडदा काडेपेटीएवढा, पण रंगीत. दुकानदार तो डब्यातून काढता काढता म्हणाला, “ताई, याच्यात नेट हाये.”

मी विचारलं, “वायर कुठं लागते?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “वायर नाही लागत, ताई. हवेतून येते.”

आता मी फिजिक्सची. लहरी काय, वारंवारता काय, पेपरात आकृतीसकट लिहून आलेली. तरी काउंटरसमोर उभी राहून मी मोठ्यानं हसले. कारण तोवर मी इंटरनेट पाहिलं होतं ते कॅफेत. तिथं टेलिफोनची वायर लावल्यावर डब्यातून मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा, मग पान उघडायचं, आणि पान उघडेपर्यंत आपली वेळ संपायची. ते सगळं आता हवेतून, या एवढ्याशा वस्तूत? दुकानदारानं समजावून सांगितलं, की कंपनीकडून एक मेसेज येईल, तो सेव्ह करायचा, फोन बंद करून चालू करायचा. “आन् वर कोपऱ्यात इंग्रजी जी दिसला की समजायचं नेट आलं. जी नाही, तर काहीच नाही.”

तो जी आमच्या घरात यायचा नाही. गावात टॉवर नव्हता, टेकडीच्या पलीकडच्या गावात होता. बोलण्यापुरती एखादी कांडी यायची, पण जी दिसायचा आणि नाहीसा व्हायचा, सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखा लाजत. मी फोन घेऊन सगळीकडं फिरले. गोठ्यात, टिनावर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. आई शेजारच्या काकूंना म्हणाली, “इतकी शिकोली पोरगी, अन् आता भिताडा-भिताडाले फोन लावून राह्यली.”

मग एक दिवस बाबांची भाकरी घेऊन डोंगराकडच्या शेतात गेले. बाबा मचाणावर होते. डबा द्यायला वर चढले, ओढणीच्या गाठीत बांधलेला फोन सहज सोडून पाहिला, तर जी! आणि हलत नाही. शेतातून टेकडीची खिंड समोर दिसते, त्या खिंडीतून टॉवर सरळ आमच्या मचाणाकडं पाहतो. मी पहिलं जे पान उघडलं ते जगातल्या शहरांच्या वेळांचं होतं. एकेक ओळ खालून वर सरकत आली. जपानमध्ये किती वाजले ते मी तुरीच्या शेतात बसून वाचलं आणि बाबांना ओरडून सांगितलं, बाबा तर हाताच्या अंतरावर बसलेले.

बाबा म्हणाले, “बरं झालं. मंग आता आपली भाकरीची येळ झाली का नाही, ते बी पाह्य त्याच्यात.”

तेव्हापासून मचाण माझं झालं. क्लासला सुट्टी असली की मी तिथं. एक पान मला फार आवडायचं. हवामानाचं, मोबाईलसाठीच केलेलं, छोटं. त्यात उपग्रहातून काढलेला भारताचा फोटो यायचा, ढगांसकट. मी घरी सांगितलं की मला वरून ढग दिसतात. वरून, देवाला दिसतात तसे. काका बोलले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्यातच राहायचे, आणि कोणत्याही गोष्टीवर बोलायचेच.

“ढग पाहाले मान वर करत असतात, बाई. पैसे देऊन खाली नाही पाहात.”

सगळे हसले. मीही हसले, पण मनात ठेवलं.

त्या वर्षी आमचं सोयाबीन असं आलं होतं की बाबा रोज एकदा विनाकारण शेतात जाऊन यायचे. रस्त्याकडच्या शेतात सोंगणी झाली, सगळं सोयाबीन एका जागी रचून सुडी लावली, वर ताडपत्री टाकली. आता राहिली मळणी. मळणीयंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. आमच्या भागात तेव्हा एकच चांगला हडंबा होता, शेजारच्या गावच्या चाचांचा. चाचांची पाळी म्हणजे पाळी. आज तुमच्या शेतात आले, तर आजच. सोडली, तर यंत्र पुढच्या गावाला जाणार आणि परत येईपर्यंत दिवाळी उजाडणार.

आणि चाचा नेमके आले त्या दिवशी पूर्वेकडं आभाळ भरल्यासारखं वाटत होतं. डोक्यावर ऊन, पूर्वेला काळपट. रेडिओवर “तुरळक ठिकाणी” एवढंच. तुरळक म्हणजे कुठं, ते रेडिओला कधी सांगता आलेलं नाही. अडचण सरळ होती. सुडी उघडली आणि मळणी अर्ध्यात असताना पाणी आलं, तर दाणे भिजून कोंब फुटणार, वर्षभराचं पीक मातीत. नाही उघडली, तर चाचा जाणार, आणि परतीचा पाऊस एकदा बसला की ताडपत्रीखाली सुडी आतूनच तापून काळी पडणार. दोन्हीकडून मरण. बाबा सुडीपाशी उभे, चाचा ट्रॅक्टरवर बसलेले, आई भाकरीचा मोठा डबा घेऊन आलेली, आणि काका सगळ्यांभोवती फिरत.

काका म्हणाले, “उघडा. काही होत नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “नका उघडू.”

चाचा म्हणाले, “दोन तास थांबतो, भाऊ. जास्त नाही. पुढं बी लोक वाट पाहून राह्यले.”

तेव्हा बाबा माझ्याकडं वळले. सगळ्यांसमोर.

“बाई, तुले ते ढग दिसतात म्हनत होती ना?”

“हो.”

“मंग पाहून ये. तू सांगशीन तसं करतो.”

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. तीन वर्षं एसटीची भाडी, गावातल्या लोकांचं “पोरीले शिकवून काय कराचं” हे सगळं, आणि आता बाबा म्हणत होते, तू सांगशील तसं. चुकलं असतं तर सोयाबीन तर गेलंच असतं, पण मग पुढं कधी बाबांनी मला काही विचारलं नसतं. आणि माझ्या मागून येणाऱ्या पोरींनाही कोणी विचारलं नसतं.

ठरलं असं. मी मचाणावर जायचं, फोटो पाहायचा, आणि मिस कॉल द्यायचा. ढग नसले तर एक, असले तर दोन. आता मिस कॉल म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण माझ्या पोरीला ते सांगून पटत नाही. फोन लावायचा, एक घंटी वाजली की कापायचा. समोरच्यानं उचलायचा नाही. उचलला तर पैसे लागतात, आणि उचलणाऱ्याला सगळे मूर्खात काढतात. आमच्या घरात सगळं मिस कॉलवर चालायचं. खामगावला पोचले, मिस कॉल. एसटीत बसले, मिस कॉल. आई भाकरी टाकायला लागली की शेतात मिस कॉल, म्हणजे हात धुवा. आणि मिस कॉल मिळाला हे कळवायला परत एक मिस कॉल. ही रीत होती. जो परत मिस कॉल देत नाही तो माणूस चांगला नाही.

मी पळत गेले. मचाणावर चढले. जी होता. पान उघडलं. भारताचा फोटो वरून खाली उतरायला लागला, एक-एक पट्टी. काश्मीर आलं. पंजाब आला. दिल्ली येतेय न येतेय तोच फोन वाजला. एक घंटी. काका.

आणि जी गेला.

त्या फोनचं असं होतं, की एका वेळी एकच. बोला, नाहीतर पाहा. फोन आला की नेट तुटायचं, आणि फोटो पुन्हा पहिल्यापासून. मी परत लावलं. काश्मीर. पंजाब. चाचांचा मिस कॉल. परत लावलं. काश्मीर. आणि अमडापूरहून मामांचा मिस कॉल! मामा घाटावर, आम्ही घाटाखाली. त्यांना कोणी सांगितलं? आईनं. भाची ढग पाहायला बसली आहे, तर तुझंही सोयाबीन पडलं आहे, विचार तिला. मी त्या दुपारी काश्मीर इतक्या वेळा पाहिलं की काश्मीरचा माणूस मला रस्त्यात भेटला असता तर मी त्याला घरचा समजून पाणी विचारलं असतं. दिल्लीच्या खाली मात्र देश काही उतरेना.

शेवटी मी फोन लावला. खरा फोन, पैसे लागणारा. बाबांच्या फोनवर काकांनी उचलला.

“काय झालं? एक का दोन?”

“काका, मिस कॉल देऊ नका! तुम्ही मिस कॉल दिला की नेट तुटतं.”

“आम्ही तं फक्त विचारलं, झालं का म्हून.”

“विचारू नका. कोणीच विचारू नका. मी सांगते मग.”

“बरं बरं. हाव. समजलं.”

परत लावलं. काश्मीर, पंजाब, दिल्ली, आग्र्याच्या जरा खाली. मी श्वास धरून बसलेली. घंटी. चाचा.

मी चाचांना फोन लावला. “चाचा, आता तुम्ही का दिला?”

“तुमच्या काकानं सांगतलं ना बेटा, मिस कॉल द्याचा नाही म्हून. म्हटलं समजलं म्हून कळवून देतो.”

मी मचाणावर एकटीच खदाखदा हसले. रडायचं होतं खरं तर. बाबा वाट पाहत होते, पूर्वेचं आभाळ जरा जास्तच काळं दिसत होतं, आणि मी पोट धरून हसत होते. मग फोन आईनं घेतला. चाचांच्या हातातून ओढूनच घेतला असावा, कारण मागून चाचांचं “अवं बाई, अवं” ऐकू आलं.

आई म्हणाली, “मी पाह्यतो यायच्याकडं. तू तुयं काम कर.”

आईनं काय केलं ते मला नंतर कळलं. तिनं आधी मामांना फोन करून सांगितलं, “भाऊ, हात लावू नोको फोनले.” मग बाबांचा, काकांचा आणि चाचांचा, तिघांचे फोन घेतले, रिकाम्या झालेल्या भाकरीच्या स्टीलच्या डब्यात टाकले, झाकण घट्ट लावलं आणि डब्यावर बसली. काका म्हणाले, “वहिनी, एखादा महत्त्वाचा फोन आला तं?” आई म्हणाली, “तुमाले कव्हा आला महत्त्वाचा फोन?”

आणि मग मचाणावर शांतता. तुरीची पानं हलल्याचा आवाज तेवढा. काश्मीर आलं, पंजाब, दिल्ली, आग्रा. माझी नजर पडद्यावर, अंगठा बटणापासून लांब, चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून. भोपाळ. मग आमचा सातपुडा, म्हणजे खरं तर करडा पडदाच, पण मला माहीत होतं तो कुठं आहे. मग आम्ही. आमच्यावर काहीच नव्हतं. स्वच्छ. उजवीकडं नागपूरवर पांढऱ्याचा मोठा गोळा. फोटो तळापर्यंत उतरला, कन्याकुमारी आली, आणि मी उभी राहिले तशी मचाण करकरलं.

मिस कॉल द्यायला बाबांचा फोन लावला. “संपर्क क्षेत्राबाहेर.” काकांचा लावला. बाहेर. चाचांचा. बाहेर. तीन फोन एकाच डब्यात, डब्यावर आई, आणि स्टीलच्या डब्यात टॉवर शिरत नाही हे मला फिजिक्समुळे माहीत होतं पण त्या क्षणी आठवत नव्हतं. मला वाटलं, तिकडं काही झालं.

रस्त्याकडचं शेत मचाणावरून दिसतं. सुडी दिसत होती, लाल हडंबा दिसत होता, माणसं मुंग्यांएवढी. हाक पोचणं शक्य नव्हतं. मग मी ओढणी काढली आणि जिवाच्या आकांतानं हलवली.

आता चूक माझी नाही, पण हेही सांगायला हवं. मचाणावरून कापड हलवलं की आमच्या शिवारात त्याचा एकच अर्थ होतो. डुकरं शिरली. ज्याला दिसेल त्यानं, ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन यायचं. हे इतकं मुरलेलं आहे की कोणी विचार करत नाही. काकांना दिसलं, काका काठी घेऊन धावले. वाटेतल्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांना काका धावताना दिसले, त्या विळे घेऊन निघाल्या. पलीकडून दोघंजण टिनाचे डबे बडवत आले. एकानं फटाका आणला होता. “हाऽऽऽ हाऽऽऽ” करत सगळं शिवार तुरीला वेढा घालून मचाणाकडं सरकायला लागलं, आणि मधे मी, ओढणी हातात, ओरडतेय, “डुक्कर नाही! डुक्कर नाही!”

“मंग रोही हाय का?” खालून एका काकूंनी नीलगाईची शंका काढली.

“रोही पण नाही! ढग आहेत!”

सगळे थांबले. डबे बडवणारा थांबला. फटाकेवाल्यानं काडी विझवली. सगळ्यांनी एकदम मान वर केली.

“कुठं हाय बे ढग?” एकानं विचारलं.

“वर नाही,” मी म्हणाले. “मोबाईलमध्ये.”

त्यानंतर जे हसले लोक! काका काठीवर टेकून हसत होते. बाबा मागून चालत आले, धावत नाही, बाबा कधी धावत नाहीत, आणि त्यांच्या मागं चाचा. मी खाली उतरायला तयार नव्हते. खाली उतरले आणि फोटो गेला तर? म्हणून लोकच वर यायला लागले, एकेक करून. शिडीनं यायचं, फोटो पाहायचा, दुसऱ्या बाजूच्या बल्लीनं घसरत उतरायचं. देवळात असते तशी रांग लागली. विळेवाल्या काकूंनी पाहण्याआधी हात जोडले.

काका वर आले.

“आपलं गाव कोणतं याच्यात?”

“हे इथं. माझ्या नखाखाली.”

“मंग नख काढ ना.”

नख काढलं. खाली काही नव्हतं. “इथं तं काहीच नाही,” काका म्हणाले.

“काही नाही हेच चांगलं आहे, काका. काही असतं तर पांढरं दिसलं असतं.”

मग त्यांना फोटोखालची वेळ दिसली. “अन् हे काय? आत्ता एवढेच वाजले काय?”

“ती इंग्लंडची वेळ आहे. साडेपाच तास मिळवायचे.”

“ढग आपले, अन् टाइम इंग्रजाचा काऊन?”

बाबा शेवटी चढले. मचाणावर आम्ही दोघंच. त्यांनी फोन हातात घेतला नाही, माझ्या हातातच पाहिला, जवळ येऊन, डोळे बारीक करून.

“हे पांढरं म्हंजे पानी?”

“हो. नागपूरवर आहे.”

“ते कुकडं चाललं?”

हा प्रश्न खरा होता. एका फोटोवरून ते कळत नाही. फोटोत ढग उभा असतो. नागपूरवरून तो तिकडं छत्तीसगडात जात असेल तर आम्हाला काही नाही, इकडं येत असेल तर सगळं आहे. पानावर खाली “आधीचा फोटो” असं एक बटण होतं. ते मी दाबलं. या वेळी एकही घंटी वाजली नाही, कारण फोन करणारे सगळे मचाणाखाली उभे होते आणि त्यांचे फोन आईखाली. सकाळचा फोटो काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एका दमात उतरला. सकाळी तोच पांढरा गोळा रायपूरवर होता.

मी तुरीची एक बारीक काडी मोडली. पडद्यावर रायपूर ते नागपूर मोजली आणि नखानं तोडली. मग तीच काडी नागपूरवरून आमच्याकडं ठेवली. जवळजवळ तेवढीच पुरली. सकाळपासून दुपारपर्यंत त्यानं एक काडी कापली होती. आमच्यापर्यंत यायला त्याला अजून एक काडी लागणार होती.

“बाबा, ते इकडंच येतंय. पण दिवे लागायच्या आधी नाही येणार.”

“पक्कं?”

खालून काकांनी विचारलं, “एक का दोन?” कोणीतरी त्यांना गप्प केलं.

मला हो म्हणायची फार इच्छा झाली. पण मी म्हणाले, “पक्कं नाही म्हणता येत. ढग वाटेत थांबू शकतो, पळूही शकतो. पण हे माझं शेत असतं तर मी आता सुडी उघडली असती. आत्ता. दहा मिनिटं पण नाही थांबले असते.”

बाबांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा पूर्वेकडं, आणि एकदा माझ्याकडं. मग शिडीवर पाय ठेवत खाली ओरडले, “चाचा, चालू करा!”

आणि बाई, काय सांगू. डुकरं हाकायला आलेलं अख्खं शिवार हातात काठ्या आणि विळे घेऊन तसंच रस्त्याकडच्या शेताकडं वळलं. आले आहोत तर हात लावू, म्हणाले. एरवी मळणीला माणसं मिळत नाहीत, सांगून सांगून पाय दुखतात, आणि त्या दिवशी मी ओढणी हलवून माणसं जमवली होती. आई डब्यावरच बसलेली होती. काका म्हणाले, “वहिनी, उठा आता.” आई म्हणाली, “मले कोनी सांगतलं उठाचं? मी बसली.”

हडंबा सुरू झाला. तो सुरू झाला की बोलणं बंद, फक्त खुणा. सुडीवर चौघं, पेंढ्या देणारे वेगळे, कट्टे, म्हणजे पोती, धरणारे वेगळे. मी कट्ट्याचं तोंड धरायला उभी राहिले. दाणे येऊन आदळत होते हातावर, गरम, आणि कुटार, म्हणजे भुसा, उडून सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, तोंडात. कापसावरच्या बायका गाणं म्हणत होत्या, ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. मी मधेमधे पूर्वेकडं पाहायची. काळं वर चढत होतं. मी मनात त्याला काडीनं मोजत होते. काका दर थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन कानात ओरडायचे, “कुठं पोचला?” आणि मी ओरडून सांगायची, “वर्धा!” मग “अमरावती!” मला काही दिसत नव्हतं, फोन कुटाराच्या भीतीनं आईच्या पिशवीत होता. पण सांगत होते. आणि काका ते पुढच्याला सांगत होते, तो पुढच्याला, आणि हात आणखी जोरात चालत होते.

शेवटचा कट्टा शिवला तेव्हा उजेड होता अजून. ट्रॉली घराकडं निघाली. सगळे वर चढलेले, कट्ट्यांवर, पांढऱ्या भुवयांचे, एकमेकांना ओळखू न येणारे. आम्ही गावात शिरलो, कट्टे पडवीत उतरवले, चाचांनी यंत्र आमच्या गोठ्यालगत उभं करून झाकलं. दिवे लागले. आणि आईनं वरण-बट्टीसाठी आधण ठेवलं तेवढ्यात टिनावर पहिला थेंब वाजला. मग दुसरा. मग काही मोजता येईना इतका आवाज.

पडवीत बसलेल्या लोकांनी एकदम ओरडा केला. कोणी टाळ्या वाजवल्या, एकानं ट्रॉलीतून आणलेला तो फटाका गोठ्याच्या दारात लावलाच, बैल बुजले, त्यानं शिव्या खाल्ल्या. काका उठून अंगणात जाऊन भिजून आले, विनाकारण, आणि ओलेच माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “बाई, अमरावतीहून निंघाला होता, बराबर आला!” मी तेव्हा सांगितलं नाही की अमरावती मी मनानंच सांगितली होती. आजही नाही सांगत.

पावसामुळे चाचा आमच्याकडंच अडकले. शेजारचे चार-पाच जण बाहेर थांबायला जागा नाही म्हणून आत आलेले. पंगत बसली. मीही बसले, पुरुषांच्या पंगतीतच, कोणी उठवलं नाही. बट्टी फोडली, त्यावर वरण घेतलं, तूप घेतलं. पहिला घास तोंडाशी नेला तर चाचा पलीकडून म्हणाले, “बेटा, उद्या संग्रामपूरला हाय पाळी. तिकडं कसं राहीन?”

त्यांच्या शेजारचा म्हणाला, “अन् परवा आमच्याकडं?”

तिसरा म्हणाला, “माह्या साळ्याच्या गावचं बी पाह्यजो, जळगावकडं हाय.”

माझा घास हातात तसाच. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा बोलले. मोठ्यानं नाही. वरण वाढता वाढता.

“पोरगी सकाळी मचाणावर जाऊन पाहीन, मंग सांगीन. तव्हाशिक कोनी काही विचारू नोका. जेवू द्या तिले.”